दूध आलं नाही, ताप चढला नाही

हार्मोन हा शब्द आपल्या चळवळीत आला तोच लढाईचा शब्द म्हणून. नेट-एन इंजेक्शनच्या विरोधात स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या ते साल १९८६. पुढे डेपो-प्रोव्हेरावरून वर्षानुवर्षं भांडलो. २०१७ साली तेच डेपो ‘अंतरा’ असं गोड नाव घेऊन सरकारी कुटुंब नियोजनात दाखल झालं. त्यामुळे आपल्यापैकी अनेकींच्या डोक्यात हार्मोन म्हणजे बाहेरून कुणीतरी बाईच्या दंडात टोचतं ती गोष्ट. त्या लढाईबद्दल मला आजही अभिमान आहे. पण बाईचं शरीर स्वतः जी हार्मोन्स तयार करतं, त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोललो. बोललो तेही पाळी, गर्भधारणा आणि पाळी जाण्यापुरतंच. साध्या तापात, जुलाबात, न्यूमोनियात हीच हार्मोन्स बाईला जगवतात किंवा ती नसली तर बाई जाते, हा विषय आपल्या आरोग्य शिबिरांत येतच नाही. तो यायला हवा असं माझं म्हणणं आहे आणि त्यासाठी हा लेख.

आधी तापाचं बघू. ताप जंतू चढवत नाहीत, ताप आपलं शरीरच चढवतं. जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या तापमान-केंद्रापर्यंत पोचतो. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि केंद्राचा काटा वर सरकतो. मग शरीराला वाटतं आपण गार पडलोय, म्हणून हुडहुडी भरते, गोधडी मागितली जाते. पॅरासिटामॉलची गोळी हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते, म्हणून ताप उतरतो. जंतू असतात तिथेच.

हा काटा बाईच्या शरीरात महिनाभर एका जागी नसतो. बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि अंगाचं तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जातं, ते पुढची पाळी येईपर्यंत. म्हणजे फॅरनहाइटमध्ये अर्धा ते जवळजवळ एक अंश. ‘पाळीच्या आधी अंगात कसर वाटते’ असं बाया म्हणतात आणि घरचे हसतात, त्यात तथ्य आहे. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन घटतं, तेव्हा या केंद्राची सहनशक्तीच कमी होते. जरा गरम झालं की घामाच्या धारा. तो ताप नव्हे, पण ज्या बाईला तो होतो तिला ‘काही नाही, थर्मामीटर नॉर्मल आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. १८६८ साली जर्मनीतल्या वुंडरलिश या डॉक्टरने हजारो रोग्यांची तापमानं मोजून ३७ अंश हा आकडा रूढ केला. बायांचं तापमान किंचित जास्त असतं हेही त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. आकडा जगभर पोचला, नोंद मागे राहिली.

पण संसर्गात जिवावर येतं ते तापामुळे क्वचितच. येतं ते दाहामुळे. दाह म्हणजे जंतूंशी लढताना शरीर जे पेटवतं ते. सूज, लाली, दुखणं, रक्तवाहिन्या सैल होणं. एखाद्या फोडाभोवती हे झालं तर जखम भरते. साऱ्या अंगभर झालं तर रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थांबतात, माणूस दगावतो. ही आग चुलीत ठेवण्याचं काम करणारं एक हार्मोन आहे. त्याचं नाव कॉर्टिसॉल. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी ते तयार करतात. मध्यरात्री ते सर्वांत कमी असतं, पहाटे वाढत जातं. मोठा संसर्ग झाला की कित्येक पटींनी वाढतं. ते दाहाला आवर घालतं, रक्तातली साखर टिकवतं आणि रक्तवाहिन्यांना ताठ ठेवतं. ते नसेल तर साधा जुलाबसुद्धा जीव घेऊ शकतो.

या हार्मोनचा औषध म्हणून शोध लागला त्यात गरोदर बायांचा वाटा आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर सांधेवाताचे रोगी बघत. कावीळ झाली की किंवा बाई गरोदर राहिली की दुखरे सांधे काही काळ बरे होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा शरीरातलंच काहीतरी द्रव्य हे करत असणार, असं त्यांनी धरलं. १९४८ साली कॉर्टिसोन पहिल्यांदा सांधेवाताच्या रोग्याला टोचलं, ती २९ वर्षांची बाई होती. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. दिवस राहिले की माझे गुडघे बरे होतात असं डॉक्टरांना सांगणाऱ्या बाया नसत्या, तर हे सुचलं असतं का, हा प्रश्न मनात येतोच.

आता मूळ मुद्द्यावर येते. अ‍ॅड्रीनल ग्रंथी आपणहून कॉर्टिसॉल बनवत नाहीत. त्यांना हुकूम येतो मेंदूच्या खाली लटकलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून. ही ग्रंथी वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. दूध येण्याचं, पाळीचं, थायरॉइडचं आणि कॉर्टिसॉलचं, सगळ्यांचं हार्मोन तिथूनच सुटतं. गरोदरपणात ती फुगते, कारण दुधाची तयारी करणाऱ्या पेशी वाढतात. तिचा रक्तपुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही. अशा वेळी बाळंतपणात बाईचं रक्त फार गेलं, रक्तदाब कोसळला, तर या ग्रंथीला रक्त पोचत नाही आणि ती काही अंशी किंवा जवळजवळ पूर्ण मरते. १९३७ साली हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश रोगशास्त्रज्ञाने हे नीट वर्णन केलं, म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात.

श्रीमंत देशांत हा आजार आता विरळा झाला. आपल्याकडे झालेला नाही. काश्मीरमध्ये झालेल्या एका पाहणीत, २००५ साली ती प्रसिद्ध झाली, मुलं झालेल्या वीस वर्षांवरच्या बायांमध्ये सुमारे ३ टक्के जणींना हा आजार असावा असा अंदाज निघाला. त्यातल्या बहुतेक बायांची बाळंतपणं घरी झालेली होती. महाराष्ट्रात आता दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण खूप वाढलंय, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते ९५ टक्क्यांच्या जवळ होतं. मग प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. पण त्याच पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बाया रक्तक्षयी निघाल्या. आधीच पांढरीफटक पडलेल्या बाईचं अर्धा लिटर रक्त गेलं तर ते धडधाकट बाईच्या एक लिटरएवढं भारी पडतं. शिवाय पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरी बाळंत झालेल्या बाया आज आपल्यातच आहेत, आपल्या बचत गटांत बसतात.

आमच्या तालुक्यातल्या एका बाईचं सांगते. तिसऱ्या खेपेला वार अडकली. जीप मिळून दवाखान्यात नेईपर्यंत लुगडं, गोधडी, सगळं भिजलं. दोन बाटल्या रक्त चढवलं, बाई वाचली, मूलही वाचलं. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण छातीला दूध आलं नाही. अळीव झालं, शतावरी झाली, बाळंतकाढा झाला. मग सासू म्हणू लागली, ‘हिचं मनच नाही पोरात.’ देवऋषी झाला. पोर शेळीच्या दुधावर वाढलं आणि बाईच्या कपाळी ‘दूध न फुटलेली’ हा शिक्का बसला. पाळीही परत आली नाही. त्याची तिला खंत नव्हती. ‘बरं झालं ताई, कटकट गेली,’ असं ती मला म्हणाली होती. जूनमध्येही घोंगडी घेऊन झोपायची. काखेतले केस गेले होते, पण हे कुणाला सांगायचं असतं हे तरी कुठे माहीत. कामाला उठवत नसे, म्हणून नवरा आळशी म्हणे.

आठ वर्षांनी पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ आली. घरात सगळ्यांनाच झाले, सगळे तीन दिवसांत उठले. ही उठली नाही. उलट्या होत होत्या, बोलणं अडखळत होतं. जवळच्या दवाखान्यात थर्मामीटर लावला, ९७. ‘ताप नाही, अशक्तपणा आहे.’ सलाइन लावून घरी पाठवलं. दुसऱ्या रात्री ती बेशुद्ध झाली. शहरातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं, ‘शेवटच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? दूध आलं होतं का?’ तो चिडला, आठ वर्षांपूर्वीचं काय विचारता म्हणून. मग सासूनेच सांगितलं सगळं. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई उठून बसली, चहा मागितला. आठ वर्षं जे कुणाला कळलं नाही ते दोन प्रश्नांत कळलं. प्रश्नांना पैसे पडत नाहीत.

तिला ताप का नव्हता? थायरॉइडचं हार्मोन कमी असलं की शरीराची भट्टीच मंद असते, अंग गारठलेलं राहतं, संसर्गातही काटा वर जायला अडतो. कॉर्टिसॉल नसल्याने रक्तदाब, साखर आणि सोडियम खाली येतात. थर्मामीटर मात्र ‘सर्व ठीक’ म्हणत राहतो. गंभीर संसर्गात अंग थंड पडणं ही धोक्याची खूण आहे, ३६ अंशांच्या खाली गेलेलं तापमान तर जास्तच. नाडी किती जोरात पळतेय, श्वास किती लागलाय, रक्तदाब किती, लघवी होतेय का, बाई नीट बोलतेय का, हे बघायला लागतं. आपल्याकडे मात्र ‘ताप नाही ना, मग काय’ या एका वाक्यावर बायांना परत पाठवतात. उलट बाळंतिणीला खरोखरच ताप आला तर म्हणतात, दुधाचा ताप आहे, उतरेल. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि प्रसूतिगृहातले मृत्यू घसरले. त्याला पावणेदोनशे वर्षं उलटून गेली, तरी बाळंतिणीचा ताप अजून दुधावर ढकलला जातो. दूध आलं नाही की बाईच्या मनावर, ताप आला की दुधावर. गर्भाशयातल्या संसर्गाचं नाव शेवटी निघतं.

आजार उशिरा कळण्याचं कारण मला वैद्यकीय वाटत नाही. या आजाराची एकेक खूण घ्या. दूध न येणं, हा बाईचा दोष. पाळी बंद होणं, ही सुटका. थकवा, हा आळस. थंडी वाजणं, हे नखरे. अंगावरचे केस जाणं, ही न बोलायची गोष्ट. प्रत्येक खुणेसाठी समाजाने आधीच एक उत्तर तयार करून ठेवलंय, मग डॉक्टरकडे जायचं कारण उरतच नाही. आणि गेली तरी आठ-दहा वर्षांपूर्वीचं बाळंतपण आणि आजचा जुलाब यांची सांगड कोण घालणार? निदान व्हायला दहा-वीस वर्षं लागतात असं डॉक्टर सांगतात, ते याचमुळे.

अर्धवट निदानानेही घात होतो. थायरॉइडची तपासणी आता बऱ्याच ठिकाणी होते. ते कमी निघालं की थायरॉक्सिनची गोळी सुरू करतात. पण कॉर्टिसॉल न देता आधी थायरॉक्सिन दिलं तर शरीराची भट्टी पेटते, मागणी वाढते आणि असलेलं थोडंफार कॉर्टिसॉलही संपतं. बाई एकदम कोसळू शकते. म्हणून थायरॉइड कमी निघालेल्या बाईला पाळीबद्दल आणि बाळंतपणाबद्दल विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये. हा माझा हट्ट नाही, वैद्यकाचा नियमच आहे.

याच हार्मोनचा दुसरा चेहराही सांगायला हवा, नाहीतर मी स्टेरॉइडची जाहिरात करतेय असं वाटेल. कॉर्टिसॉलचीच भावंडं गोळी-इंजेक्शनच्या रूपात बाजारात आहेत. गुडघेदुखीवर भोंदू वैद्य ज्या पुड्या देतात, त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. शेतात वाकून काम करणाऱ्या बाया वर्षानुवर्षं त्या पुड्या खातात. आयतं हार्मोन मिळत राहिलं की त्यांच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी झोपी जातात. मग पुडी अचानक बंद झाली आणि तेव्हाच न्यूमोनिया झाला, तर शीहानच्या बाईचं होतं तेच तिचं होतं. पुडी चालू असताना संसर्ग झाला तर ताप आणि सूज दबून जातात आणि आतून पू वाढत असतो. दोन्ही बाजूंनी थर्मामीटर फसवतो.

करोनाच्या वेळी हे सगळ्या देशाने बघितलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांतले मृत्यू एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांतले एक-पंचमांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच फायदा दिसला नाही. पण २०२१च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे घरी बसलेल्या, नुसता ताप असलेल्या माणसांनीही गोळ्या खाल्ल्या. साखर वाढली आणि म्युकरमायकोसिसने कितीतरी लोकांचे डोळे, जबडे गेले. औषध तेच, वेळ चुकली.

त्याच काळात आणखी एक चर्चा जोरात होती. करोनाने पुरुष जास्त मरतात, म्हणजे बायांची हार्मोन्स त्यांना वाचवतात. लॉस एंजेलिसमध्ये चाळीसेक पुरुषांना प्रोजेस्टेरॉन देऊन बघितलं, थोडा फरक दिसला, पण एवढ्या छोट्या चाचणीवरून काही ठरत नाही. इस्ट्रोजेन दाहाला काही प्रमाणात आवरतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांत चित्र गुंतागुंतीचं आहे. मला या चर्चेची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. ‘बायांचं शरीर मुळातच चिवट’ हे कौतुक आपण घराघरांत ऐकतो आणि त्याच्या पाठोपाठ येतं, ‘तिला काय होतंय, होईल बरी.’ बायांना निसर्गाने कवच दिलंय म्हणणारे लोक संशोधनात बायांना घेतात का, हे आधी विचारावं. करोनाच्या लसींच्या सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर बायांना वगळलं होतं. आपल्या देशात लसीकरण जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं आणि गरोदर बायांना परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ ला. मधली दुसरी लाट त्यांनी लसीशिवाय काढली.

काही मैत्रिणी म्हणतील, बाळंतपण ही नैसर्गिक गोष्ट, तिच्यात आणखी आजारांची नावं कशाला घुसवतेस, डॉक्टरांच्या हातात आणखी सत्ता का देतेस? आक्षेप खोटा नाही. विनाकारण सिझेरियन, विनाकारण गर्भाशय काढणं, हे आपण बघतोय. पण शीहानच्या बाईवर कुणी जास्त औषधं लादलेली नाहीत, तिला आठ वर्षं एकही औषध मिळालेलं नाही. तिला लागते ती हायड्रोकॉर्टिसोनची रोजची गोळी, लागल्यास थायरॉक्सिन. ही काही महागडी परदेशी इंजेक्शनं नव्हेत. ताप किंवा जुलाब झाला की गोळी दुप्पट-तिप्पट करायची, उलट्या होत असतील तर इंजेक्शन घ्यायचं, हे तिला स्वतःला शिकवता येतं. किती वाढवायची ते तिच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यावं.

मुळात रक्त जाणं थांबवता येतं. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी दवाखान्यांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं, अंदाजाने नाही, आणि मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्रावाचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. पिशवी काही चंद्रावरून आणायची नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत ती का नाही, हा प्रश्न आपण निवेदनात लिहायला हवा. डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन ग्रॅममध्ये असतं, आईचं किती रक्त गेलं ते मात्र नसतं किंवा ‘नॉर्मल’ एवढंच असतं. तो आकडा लिहिला गेला पाहिजे आणि कार्ड बाईच्या हातात राहिलं पाहिजे. आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येतात, बाळाचं तापमान, वजन बघतात. त्यांच्या वहीत आईसाठी ‘रक्त फार गेलं होतं का, दूध आलं का’ एवढं तरी असावं. पाळीचा प्रश्न पुढे, मूल वर्षाचं झाल्यावर लसीच्या वेळी. आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, तारीख न उलटलेलं.

आमच्या गटाने गेल्या वर्षी एक छोटं कार्ड छापलं, पोस्टकार्डाच्या आकाराचं. एका बाजूला हे प्रश्न, दुसऱ्या बाजूला ‘मला हायड्रोकॉर्टिसोन लागतं, उलट्या किंवा बेशुद्धी असल्यास ताबडतोब इंजेक्शन द्या’ असं ठळक अक्षरात आणि खाली डॉक्टरांच्या सहीला जागा. ज्या बाईचं वर सांगितलं ती ते ब्लाउजमध्ये, पैशांच्या बटव्यात ठेवते. तालुक्यात शोधायला लागल्यावर आणखी दोघी सापडल्या, दोघींची पाळी बाळंतपणानंतर आलेलीच नव्हती. कार्डाचा नमुना हवा असेल त्या गटांनी पत्रिकेच्या पत्त्यावर लिहावं, पाठवून देऊ. आपल्या भागातल्या बोलीत शब्द बदलून घ्या. आमच्याकडे ‘वार’ म्हणतात, काही ठिकाणी ‘जार’.